कॉलेजच्या ऑफिसात विद्यार्थ्यांचं रेकॉर्ड कसं सांभाळायचं: स्टुडंट सेक्शनचं टेबल नव्यानं मिळालेल्यांसाठी

सांगली, मिरज, तासगाव, विटा, कराड, इकडच्या कुठल्याही सीनिअर कॉलेजात स्टुडंट सेक्शनला नवीन माणूस आला की त्याला सॉफ्टवेअरचा पासवर्ड आणि कपाटाची चावी देतात आणि मग ॲडमिशनची रांगच समोर उभी राहते. कुठला कागद कशासाठी घ्यायचा, कुठला आकडा कोण मागणार, चूक सापडली तर ती कुठं दुरुस्त करायची, हे निवांत बसून सांगायला कोणाला वेळ नसतो. म्हणून सगळं एका जागी लिहितोय, थोडं लांबलंय पण टेबल तुमच्याकडं असेल तर शेवटपर्यंत वाचा.

पहिली गोष्ट. विद्यार्थ्याची मूळ नोंद एकाच ठिकाणी असते, बाकी सगळ्या नकला. हे ऐकायला सोपं वाटतं पण बऱ्याच ऑफिसात उलटं चालतं, ॲडमिशनची एक्सेल वेगळी, परीक्षा विभागाची वेगळी, स्कॉलरशिप बघणाऱ्याची वेगळी, लायब्ररीची वेगळी, नॅक म्हणजे कॉलेजचं मूल्यांकन, ते बघणाऱ्या सरांच्या पेनड्राईव्हमध्ये आणखी एक, आणि एकाच मुलीचं नाव पाच ठिकाणी पाच स्पेलिंगनं. प्रत्येकजण आपापल्या फाईलमध्ये दुरुस्ती करतो आणि दुसऱ्याला सांगत नाही. तर तुम्ही पहिल्यांदा प्राचार्यांच्या सहीनं एक साधं परिपत्रक काढून घ्या की मूळ नोंद म्हणजे जनरल रजिस्टर (प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाची नोंद असलेली कॉलेजची मोठी वही) आणि त्याला जोडलेला सॉफ्टवेअरमधला मास्टर, म्हणजे मुख्य यादी, दुरुस्ती तिथंच होणार, तीही कागद बघून, आणि बाकीच्या विभागांनी यादी हवी असेल तेव्हा तिथून ताजी घ्यायची, जुनी एक्सेल पुढं ओढायची नाही. परिपत्रक नसेल तर कोणी ऐकत नाही हे खरंय, सही असली की ऐकतात.

दुसरी गोष्ट नंबरची. एका पोराला आपल्याकडं किती नंबर चिकटतात बघा: जनरल रजिस्टर नंबर म्हणजे जीआर नंबर कॉलेजचा, पीआरएन म्हणजे कायमचा नोंदणी क्रमांक विद्यापीठाचा, एबीसी (मिळवलेले क्रेडिट जमा ठेवणारी ऑनलाईन बँक, अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) म्हणजे अपार आयडी देशपातळीवरचा १२ आकडी, शिवाय रोल नंबर, परीक्षेचा सीट नंबर, महाडीबीटीचा म्हणजे राज्याच्या स्कॉलरशिप पोर्टलचा अर्ज क्रमांक. यातला रोल नंबर दरवर्षी बदलतो, सीट नंबर परीक्षेगणिक बदलतो, म्हणून दोन याद्या जोडताना ह्या दोघांचा आधार कधीच घ्यायचा नाही. नावावरून तर अजिबात नाही, आपल्या भागात एका वर्गात पाटील पूजा संजय नावाच्या दोघी सहज निघतात आणि दोघी एकाच तालुक्यातल्या. जोडायचं ते जीआर नंबर किंवा पीआरएनवर. फर्स्ट इयरला पीआरएन यायला वेळ लागतो, तोवर जीआर नंबर चालवा आणि पीआरएन आला की त्याच ओळीत भरा, नवीन यादी करू नका.

आता नावाचं बोलू, कारण निम्म्या तक्रारी इथूनच निघतात. बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. आधारवर स्वतःचं नाव आधी आणि आडनाव शेवटी, आणि कित्येकांच्या आधारवर वडिलांचं नाव नुसतं एका अक्षरात. जत भागातल्या कन्नड घरातल्या पोरांची नावं अजून वेगळी, मल्लिकार्जुन, सिद्धाप्पा, एकात एक एल दुसऱ्यात दोन एल, एकात शेवटी ए दुसऱ्यात नाही. म्हणून मास्टरमध्ये नावाचा एकच लांब रकाना ठेवू नका. आडनाव, नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव असे चार सुटे रकाने इंग्रजीत, तेच चार मराठीत, आणि वर आणखी एक रकाना "आधारवरचं नाव जसंच्या तसं". सुटं असलं की हव्या त्या क्रमानं जोडता येतं, जोडलेलं नाव मात्र नंतर बिनचूक सुटं करता येत नाही.

आणि कॉलेजच्या रेकॉर्डला नाव दहावी-बारावीच्या मार्कशीटप्रमाणेच घ्यायचं, पोरगं काय सांगतं किंवा सायबर कॅफेवाल्यानं फॉर्ममध्ये काय टाकलंय त्यावर जायचं नाही. सेकंड इयरला लग्न झालेली मुलगी येते आणि म्हणते नवीन नाव लावा. तिला समजावून सांगा की डिग्री हातात येईपर्यंत माहेरचं नाव राहिलं तर तिलाच सोपं जाईल, दहावीपासून डिग्रीपर्यंत सगळ्या कागदांवर एकच नाव राहतं. तरी बदलायचंच असेल तर तो तिचा हक्क आहे, राजपत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला घ्या, विद्यापीठाकडं नावबदलाचा रीतसर अर्ज पाठवा आणि जुनं नाव पुसू नका, "पूर्वीचं नाव" म्हणून वेगळ्या रकान्यात राहू द्या. जन्मतारखेचंही तसंच, ती कॉलेजनं स्वतःच्या अधिकारात बदलायची गोष्टच नाही, शाळा आणि बोर्डाकडून दुरुस्त होऊन आली तरच.

एक्सेलबद्दल थोडं सविस्तर, कारण कितीही भारी सॉफ्टवेअर असलं तरी शेवटी सगळं एक्सेलमधूनच इकडून तिकडं जातं. नवीन शीट घेतली की डेटा पेस्ट करायच्या आधी नंबरांचे सगळे रकाने टेक्स्ट करून घ्या, आधार, मोबाईल, बँक खातं, पीआरएन, एबीसी, सगळे. नाहीतर १२ आकडी नंबर मध्येच ई आणि अधिक चिन्हाच्या रूपात दिसायला लागतो, खात्याच्या सुरुवातीचं शून्य गायब होतं, आणि १५ पेक्षा जास्त आकडे असतील तर एक्सेल सोळाव्या आकड्यापासून पुढं शून्य करून टाकतं, ते परत येत नाही. स्कॉलरशिपचे पैसे अडकल्यावर हे कळून उपयोग नसतो.

तारखेचं तर त्याहून नाजूक. ०५/०८/२००६ म्हणजे ५ ऑगस्ट की ८ मे, हे त्या कॉम्प्युटरच्या सेटिंगवर ठरतं, आणि घोळ झालाय हे दिसतही नाही कारण दोन्ही तारखा खऱ्या वाटतात. दिवस १३ किंवा त्याच्या पुढचा असेल तरच चूक उघडी पडते. म्हणून तारीख वर्ष-महिना-दिवस अशी ठेवा, २००६-०८-०५, किंवा महिना अक्षरात लिहा.

मराठी नावांचं एक वेगळंच दुखणं आहे, जुन्या फाईली श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या असतात, फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडल्या की नुसती अगम्य अक्षरं. त्या कन्व्हर्टरनं एकदाच्या युनिकोडमध्ये आणून घ्या आणि आणल्यावर जोडाक्षरं डोळ्यानं तपासा, र्‍ह, ळ्या, क्ष, रफार, इथं कन्व्हर्टर हमखास चुकतात. सीएसव्ही (साधी मजकुराची यादी) काढताना यूटीएफ-८ निवडायला विसरू नका, नाहीतर मराठी अक्षरं बिघडतात. बाकी एक्सेलचं ट्रिम सूत्र वापरून नावापुढच्या-मागच्या मोकळ्या जागा काढणं, काउंटइफ सूत्र लावून डुप्लिकेट शोधणं, प्रवर्गाच्या रकान्याला ड्रॉपडाऊन देणं, एवढं आलं तरी अर्धं काम होतं. ड्रॉपडाऊन नसेल तर ओबीसी, ओ.बी.सी., इतर मागास, असे तीन-चार प्रकार एकाच रकान्यात येतात आणि मोजणी कधीच जुळत नाही.

ॲडमिशनच्या वेळचे कागद तुम्हाला माहितीच असतील, मार्कशीट, टीसी, जातीचा दाखला, नॉन क्रिमी लेयर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, दुसऱ्या विद्यापीठातून किंवा दुसऱ्या बोर्डातून आला असेल तर मायग्रेशन. फक्त दोन गोष्टी सांगतो. प्रत्येक दाखल्याची मुदत कधी संपते त्याचा रकाना ठेवा, नॉन क्रिमी लेयरची मुदत संपली आणि कोणाच्या लक्षात आलं नाही की फॉर्म परत येतो. आणि मूळ मार्कशीटा बघून, तपासून लगेच परत द्यायच्या. मूळ कागद अडवून ठेवायचे नाहीत हे यूजीसीनं २०१८ च्या सूचनेत स्पष्ट सांगितलंय, फी बाकी आहे म्हणून तर नाहीच नाही. टीसी तेवढी बहुतेक कॉलेजं आपल्याकडं ठेवून घेतात.

एबीसीचं बघा. हा आयडी पोरगं डिजीलॉकरमधून काढतं आणि तिथं नाव आधारवरून येतं, म्हणजे वर सांगितलेला नावाचा घोळ इथं येऊन आदळतो. ॲडमिशन फॉर्मवर नुसता नंबर लिहून घेऊ नका, एबीसी कार्डचा प्रिंट किंवा पीडीएफ घ्या आणि नाव, जन्मतारीख मास्टरशी ताडून बघा. जुळत नसेल तर त्याच महिन्यात पोराला आधार केंद्रावर पाठवा, परीक्षेच्या तोंडावर पाठवलं तर तिथंही गर्दी आणि पोराचाही जीव टांगणीला. काही पोरांनी दोन आयडी काढलेले असतात, शाळेत असताना अपार एक आणि नंतर आणखी एक, तेही विचारून घ्या.

नवीन शैक्षणिक धोरणामुळं आणखी एक बदल रेकॉर्डमध्ये करावा लागतो, जो बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये अजून नीट नाहीये. पूर्वी पोरगं शिकत होतं किंवा पास झालं किंवा सोडून गेलं, तीनच अवस्था. आता एका वर्षानं सर्टिफिकेट घेऊन, दोन वर्षांनी डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं आणि नंतर परत येता येतं, आणि एबीसी बँकेत जमा झालेले क्रेडिट जास्तीत जास्त ७ वर्षांपर्यंत वापरता येतात. म्हणून "सोडून गेला" एवढंच लिहू नका. कुठल्या तारखेला, कुठल्या सेमिस्टरनंतर, किती क्रेडिट मिळवून, कुठलं प्रमाणपत्र घेऊन किंवा न घेता, हे सगळं लिहा. माण-खटावची, आटपाडीची कितीतरी पोरं घरच्या अडचणीनं मध्येच कामाला जातात, मुंबईला, पुण्याला, कोण सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात पार परराज्यात. चार वर्षांनी तो परत शिकायला आला तर त्याची ती ओळ आपल्याकडं शाबूत पाहिजे. मला स्वतःला ह्या सगळ्या कामातली ही ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटते, पास होऊन गेलेल्यांची काळजी विद्यापीठ घेतंच, मध्ये सुटलेल्यांची नोंद फक्त आपल्याकडंच असते.

महाडीबीटीचं थोडक्यात. पैसे पोराच्या आधार जोडलेल्या खात्यात जातात, फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही, म्हणून "खातं आधारशी लिंक आहे का" हे नाही तर "कुठल्या बँकेचं खातं लिंक आहे" असं विचारा. कोर्सचं नाव, वर्ष, फी आपल्या लॉगिनला चुकीची लागली की सगळ्या वर्गाचे फॉर्म अडकतात, ते सीझनच्या आधी तपासा. फॉर्म परत पाठवताना कारण नीट लिहा, "कागदपत्र अपूर्ण" एवढ्यावर जतहून पोरगं बस पकडून येतं आणि कुठला कागद ते इथं आल्यावर कळतं, कशाला त्याचा दिवस घालवायचा.

आता आकड्यांचा विषय, इथं नवीन माणूस सगळ्यात जास्त गांगरतो. एकच प्रश्न, तुमच्याकडं विद्यार्थी किती, आणि विचारणारे ढीगभर: आयशेचा म्हणजे केंद्राचा उच्च शिक्षणाचा सर्व्हे, नॅकचा वार्षिक अहवाल, विद्यापीठ, उच्च शिक्षणाचं कोल्हापूरचं सहसंचालक कार्यालय, एनआयआरएफमध्ये म्हणजे केंद्राच्या कॉलेज क्रमवारीत असाल तर ते, शिवाय संस्थेचं मुख्य ऑफिस. प्रत्येकाला आकडा गेलेला असतो वेगवेगळ्या महिन्यात, मध्ये कोणी ॲडमिशन कॅन्सल केलेलं, कोणी उशिरा आलेलं, आणि दोन वर्षांनी नॅकची टीम आयशेचा फॉर्म आणि तुमचा तक्ता शेजारी ठेवून विचारते हे जुळत का नाही.

उपाय एकच, तारीख गोठवा. विद्यापीठाची ॲडमिशनची शेवटची मुदत संपली आणि कॅन्सलेशन आटोपली की एक तारीख ठरवा, त्या दिवशी मास्टरमधून पूर्ण यादी काढा, वर्ग, लिंग, प्रवर्ग, दिव्यांग, अल्पसंख्याक अशा सगळ्या बेरजा त्याच यादीवरून करा, प्रिंटवर प्राचार्यांची सही घ्या, फाईल रीड-ओन्ली करून ठेवा आणि नावातच तारीख टाका. पुढं वर्षभर कोणीही विचारलं तरी ह्याच यादीवरून. एखाद्या पोर्टलला दुसऱ्या तारखेचा आकडा हवा असेल तर त्या तारखेची दुसरी यादी गोठवा आणि दोन्हींतला फरक नावानिशी एका कागदावर लिहून ठेवा, कोण गेलं, कोण आलं. मग आकडा वेगळा असला तरी घाबरायचं कारण नाही, फरक दाखवता येतो.

प्रवर्गाचं त्यातच सांगतो. आपल्याकडं व्हीजे, एनटी-बी, सी, डी, एसबीसी, एसईबीसी असे राज्याचे प्रवर्ग, आणि केंद्राच्या फॉर्ममध्ये एवढे रकाने नसतात. कुठला प्रवर्ग कुठल्या रकान्यात मोजायचा हे दरवर्षी त्या त्या क्लार्कच्या अंदाजावर सोडू नका, विद्यापीठाच्या नोडल ऑफिसरला विचारून एकदा लेखी तक्ता करा आणि भिंतीला लावा. पोराच्या नोंदीत मात्र प्रवर्ग दाखल्यावर आहे तसाच ठेवायचा, बेरजेसाठी मूळ नोंद बदलायची नाही. आणि ओपनमध्ये ॲडमिशन मिळालेल्या ओबीसी पोराचा प्रवर्ग ओबीसीच राहतो, "कुठल्या जागेवर प्रवेश" हा रकाना वेगळा.

कागदी रजिस्टरचा मान कमी करू नका, सॉफ्टवेअर आलं तरी. जनरल रजिस्टरमध्ये व्हाईटनर लावायचा नाही, चूक झाली तर एक रेघ, वर लाल शाईनं दुरुस्ती, बाजूला आदेशाचा क्रमांक-तारीख आणि प्राचार्यांची सही. जुना शब्द वाचता आला पाहिजे. सॉफ्टवेअरमध्येही हेच तत्त्व, कोणी, कधी, काय बदललं याचा लॉग चालू आहे का बघा, बंद असेल तर आजच चालू करून घ्या. सगळे मिळून एकाच ॲडमिन लॉगिननं काम करत असतील तर लॉग असून नसल्यासारखा, प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन हवं आणि माणसाची बदली झाली की त्याच दिवशी बंद.

जुन्या रेकॉर्डबद्दल. आपल्या भागातली कॉलेजं जुनी आहेत, सांगलीचं विलिंग्डन १९१९ चं, साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ चं. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये झालं, त्याच्या आधी हा भाग पुणे विद्यापीठाकडं होता आणि १९४९ च्या आधी मुंबईकडं. कोणी आजोबांच्या डिग्रीची चौकशी घेऊन आलं तर आधी साल बघा, १९५६ ला पास झालेल्या माणसाचा निकाल कोल्हापुरात शोधून मिळणार नाही, पुण्याला लिहावं लागेल. आपल्याकडं त्याचं जनरल रजिस्टर मात्र असतं. ती रजिस्टरं स्कॅन करायची असतील तर ३०० डीपीआयला, रंगीत, कारण लाल शाई काळ्या-पांढऱ्यात ओळखू येत नाही. जुनी बांधणी मशीनमध्ये सपाट दाबू नका, वरून फोटो घेणारा स्कॅनर भाड्यानं आणा. आणि स्कॅनबरोबर एक यादी करा, साल, जीआर नंबर, नाव, फाईलचं नाव. यादी नसेल तर हजारो फोटोंचा ढीग होतो, शोधायला रजिस्टरच बरं.

आणि पूर. सांगलीत हा विषय टाळून रेकॉर्डचं बोलताच येत नाही. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, त्याआधी २००५, नंतर २०२१. तळमजल्यावरच्या रेकॉर्ड रूमा आपल्याकडं जुन्या सवयीनं आहेत, जड कपाटं वर कशी न्यायची म्हणून. पावसाळ्याआधी जनरल रजिस्टर, रिझल्ट लेजर (निकालाची मूळ वही) आणि टीसीची जुनी पुस्तकं वरच्या मजल्यावर गेलीच पाहिजेत, ही तीन कायमची जपायची. बाकीच्या फाईली नंतर. धरणांतून विसर्ग वाढायला लागला की वाट बघत बसू नका, सर्व्हर आणि बॅकअपची डिस्क आधी उचला.

एवढं करूनही कागद भिजलेच तर घाईनं पानं सोडवू नका, चिकटलेलं पान ओलं असताना ओढलं की शाईसकट जातं. कडक उन्हातही नको, कागद वाकडा होतो, कडक होतो. पंख्याखाली, सावलीत, पानांत कोरा टीपकागद घालून आणि तो वारंवार बदलत सुकवायचं. बुरशी दोन दिवसांतच धरायला लागते, म्हणून जेवढं लगेच होत नसेल तेवढं प्लास्टिकमध्ये गुंडाळून सरळ डीप फ्रीझरमध्ये, थिजलेला कागद टिकतो आणि नंतर सावकाश सुकवता येतो.

डिजिटल बॅकअपच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि एक प्रत गावाबाहेर. गावाबाहेर म्हणजे सांगलीतून मिरजेत नव्हे, संस्थेचं एखादं कॉलेज विट्याला किंवा जतला असेल तर तिथं, जिथं कृष्णेचा पूर येत नाही. क्लाऊडवर ठेवत असाल तर खातं कॉलेजच्या नावाचं पाहिजे, कुण्या सरांच्या खासगी मेलवर नको. आणि बॅकअप घेतला म्हणजे झालं असं नाही, महिन्यातून एकदा दुसऱ्या मशीनवर उघडून चार-पाच पोरांच्या नोंदी शोधून बघा, उघडतोय का ते कळतं.

खासगीपणाकडं आपल्याकडं फार दुर्लक्ष होतं हे मला मनापासून खटकतं. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांचे आधार नंबर, जात, मोबाईल असलेली एक्सेल टाकली जाते, "आपापलं नाव तपासा" म्हणून. मुलींचे नंबर असे बाहेर गेले की पुढं काय होतं ते सांगायला नको. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, पण कायदा नसता तरी हे चुकीचंच. तपासायला द्यायची यादी वेगळी काढा, रोल नंबर आणि नाव एवढीच, जात-उत्पन्नाच्या चुका एकेकाला समोर बोलावून. आधारची प्रत फाईलला लावायची तर शेवटचे चार आकडेच दिसणारी मास्क्ड घ्या. कंपनीकडून डिग्री व्हेरिफिकेशनचा मेल आला तर आधी विद्यार्थ्याची संमती मागा, आणि त्यांनी पाठवलेल्या मार्कशीटच्या फोटोवर "बरोबर" असा शेरा मारू नका, आपलं रिझल्ट लेजर उघडून ताडा.

सॉफ्टवेअर कंपनीशी करार असेल तर दोन ओळी त्यात आहेत का बघा: डेटा कॉलेजचा आहे, आणि कधीही मागितला तर पूर्ण डेटा साध्या सीएसव्हीमध्ये, रकान्यांच्या अर्थासकट मिळेल. नसतील तर नूतनीकरणाच्या वेळी घालून घ्या, कारण कंपनी बदलायची वेळ आली की तेव्हा मागून काही मिळत नाही.

आणि तुमच्या ऑफिसातले कोणी जुने हेड क्लार्क निवृत्त होणार असतील तर त्यांच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांत रोज थोडा वेळ त्यांच्याशेजारी बसा. कुठल्या सालचं रजिस्टर कुठल्या कपाटात, कुठल्या वर्षी जीआर नंबर पुन्हा एकपासून सुरू झाला, कुठल्या बॅचची टीसीची पुस्तकं दुसऱ्या इमारतीत गेली, कुठल्या कोर्सचं नाव मध्येच बदललं, हे कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नसतं, त्यांच्याच डोक्यात असतं. ते विचारून एका वहीत साल घालून लिहा, त्यांना वाचून दाखवा, खाली त्यांची सही घ्या, आणि त्या वहीला आवक क्रमांक देऊन जनरल रजिस्टरच्या कपाटात ठेवा.